'रेनी डे'ची पुंजी

इंग्रजीत एक बोलीतला वाक्प्रचार आहे : 'सेव्ह फॉर अ रेनी डे'. शब्दशः अर्थ, पावसाळी दिवसासाठी पैसा राखून ठेवणे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. हे शब्द प्रथम कानी पडले तेव्हा आम्हाला नवल वाटले. आपल्याकडे पाऊस म्हणजे रहमत. तो संकट कसा? मग उलगडा झाला. येथे पाऊस म्हणजे अडचणीचा दिवस : आजारपण, काम बंद पडणे, अचानक आलेला खर्च. मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी साठविलेल्या रकमेला हा वाक्प्रचार लागू पडत नाही.

मराठीत 'पावसाळ्याची बेगमी' आहे, परंतु फरक ध्यानात घ्यावा. पावसाळा जूनमध्ये येणार हे ठाऊक असते. 'रेनी डे'ची तारीख कोणालाच ठाऊक नसते.

आम्हालाही ती ठाऊक नव्हती. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. महिन्याभराने रमजान सुरू होणार म्हणून ईदचा माल आम्ही आधीच भरला होता. फळ्या ताग्यांनी गच्च आणि गल्ला रिकामा! वहीत येणे भरपूर, पण देणारेही घरी बसलेले. नोकरांचे पगार उसनवारीने द्यावे लागले. मालालाच आम्ही बचत समजत होतो, ही आमची चूक. माल आणि उधारी हे भांडवल आहे, राखीव पुंजी नव्हे.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, ही रक्कम धंद्यापासून वेगळी ठेवा. घरात नोटा साठवू नका. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या, ते आठवा. व्याज नको असेल तर चालू खाते आहे, त्यावर व्याज मिळत नाही. कारागीर बंधूंनी आठवड्याचा पगार हाती येताच, खर्चाआधी, थोडे बाजूला काढावे.

कोणी म्हणेल, साठविणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणे. तसे असते तर हजरत युसुफ (अलैहिस्सलाम) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य राखायला सांगितले नसते. निसाबाइतक्या पुंजीला चांद्र वर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के जकात काढावी. उरलेली पुंजी निर्धास्तपणे राखावी. वेळ आली तर तीच आपल्याला दुसऱ्याच्या दारी जाण्यापासून वाचवील.