जुनी मशीन घेताना दलालाचा मिस्त्री नको!

एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेसाठी 2,600 कोटींना मंजुरी दिली. रस्ते, शेततळी, नाला खोलीकरण अशी कामेही निघत असतात. त्यामुळे सेनगाव-कळमनुरीकडचा आपला सालगड्याचा पोरगा आता जेसीबीचा मालक होऊ पाहतो, याचा आम्हाला आनंदच आहे. नवी मशीन घेण्याची ऐपत नसते, म्हणून तो जुनी घेतो. फसवणुकीची सुरुवात इथेच होते.

मशीन दाखवतो दलाल, तपासतो दलालाचाच मिस्त्री आणि व्यवहार ठरतो हॉटेलातल्या चहावर! बँकेचा मूल्यांकनकार येऊन गेला म्हणून आपला माणूस निश्चिंत होतो. अहो, तो बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहतो, तुमच्या मशीनचा हायड्रोलिक पंप नव्हे.

कायदाही भोळ्याच्या बाजूने फारसा नाही. वस्तू विक्री अधिनियम 1930 च्या कलम 16 चा मूळ नियमच असा की पारखून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची. अपवाद आहेत. पण खरेदीदाराने वस्तू तपासली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही. म्हणजे वरवर पाहून ‘मशीन पाहून, पसंत करून घेतली’ अशा बाँडवर सही करणे हे न पाहण्यापेक्षाही वाईट. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मात्र स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ‘व्यापारी हेतू’तून वगळतो. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून ग्राहकत्व जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सांगितले. पण तिथेही पुरावा लागतोच.

म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेला, शक्यतो परजिल्ह्यातला मेकॅनिक स्वतःच्या पैशाने न्या आणि त्याच्याकडून सहीनिशी लेखी अहवाल घ्या. इंजिन थंड असतानाच पोहोचा; आधीच गरम करून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. ऑइलचे झाकण काढून धूर किती मारतो ते पाहावे. पिन-बुशचा खेळ, सिलिंडरची गळती, बूमवर रंगाखाली दडवलेले वेल्डिंग तपासावे. तासांच्या मीटरवर विसंबू नये, तो बदलता येतो. पेडल आणि सीट किती झिजली ते जास्त खरे बोलतात. चेसी नंबर आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवा, फायनान्सचा बोजा उतरल्याची एनओसी पाहा. साखळीच्या पोकलेनला बहुधा आरसीच नसते. तिथे मूळ बिल मागा.

नाव लावून घेणेही टाळू नका. 2018 च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच टाकली, गाडी पुढे अनेक हातांत गेलेली असतानाही. तेव्हा विकणाऱ्यानेही कलम 50 ची सूचना आरटीओला दिलीच पाहिजे.

आणखी एक. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना 2017 च्या शासन निर्णयाने 3 लाख 50 हजारांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर दिले. ते विकता वा गहाण ठेवता येत नाहीत. असा ट्रॅक्टर कुणी स्वस्तात देऊ केला, तर तपासणीचा खर्चही करू नका. आधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन तो कुणाच्या गटाचा आहे ते विचारा.