बेल वाजल्यावर करायचं काम

फ्लॅटमधला पोमेरेनियन किंवा शिह त्झू बेल वाजताच दाराकडे धावून भुंकू लागला, की बहुतेक घरांत ती त्याची खोड मानली जाते. माझ्या मते ही सवय त्याला रोज आपल्याच दारात शिकवली जाते. बेल वाजते, कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. तो जाणारच होता, हे आपल्याला ठाऊक असतं. कुत्र्याला एवढंच दिसतं की आपण भुंकलो आणि परका माणूस गेला. ज्या कृतीतून हवं ते मिळतं ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्येच मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला असे सगळे मिळून हा धडा दिवसभर पक्का करून घेतात. त्यात आपण ‘गप्प!’ म्हणून ओरडलो, की गोंधळात भर पडते आणि कुत्रा आणखी चेकाळतो.

म्हणून नुसतं गप्प बसायला सांगून भागत नाही. बेल वाजल्यावर काय करायचं, हे त्याला शिकवावं लागतं. दारापासून थोड्या अंतरावर एक सतरंजी घालावी आणि घर शांत असताना तिच्यावर जाऊन बसलं की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यावा. हे जमलं की मोबाइलवर बेलचा आवाज अगदी हळू वाजवावा आणि लगेच तुकडा द्यावा. दिवस जातील तसा आवाज वाढवावा, मग खरी बेल, मग घरातलाच माणूस दाराबाहेर, आणि सगळ्यात शेवटी परका. कुत्रा भुंकला तर आपण घाई केली असं समजून एक पायरी मागे यावं. सराव चालू असेपर्यंत बाहेरच्यांना बेल न वाजवता फोन करायला सांगावं, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं.

ही तर लाच झाली, असा आक्षेप घेतला जातो. पण लाच आधी दाखवली जाते. इथे तुकडा काम झाल्यावर मिळतो, आणि सवय रुजली की तो अधूनमधून दिला तरी पुरतो. दुसरा आक्षेप वेळेचा असतो, आणि मग विजेचा झटका देणारा पट्टा जवळचा वाटू लागतो. झटक्याने आवाज कदाचित थांबेल, पण परका माणूस आला की वेदना होते, हेही कुत्रा शिकेल आणि त्याची भीती वाढेल. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे, ती उगीच नाही. एवढ्याशा कुत्र्याला कसलं शिक्षण, हा तिसरा आक्षेप मला सगळ्यात घातक वाटतो. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १२०० हून अधिक मालकांकडून माहिती घेऊन २०१० मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लहान कुत्र्यांचे मालक त्यांना कमी शिकवतात आणि त्यांच्याशी वागण्यात सातत्यही कमी ठेवतात, असं आढळलं. ज्या वागण्याला आपण जातीचा स्वभाव म्हणतो, त्यात आपल्या हयगयीचाही वाटा असू शकतो.

राखण करणं हे कुत्र्याचं कामच आहे, असं कुणी म्हणेल. ते मलाही मान्य आहे. एक-दोनदा भुंकून वर्दी देऊ द्यावी. त्यानंतर सतरंजीवर जायचं, एवढंच शिकवायचं आहे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण तेवढ्याने भिंतीपलीकडच्या तान्ह्या बाळाची झोपमोड टळत नाही. आणि प्रत्येक बेलला जीव खाऊन भुंकणारा प्राणी स्वतः सुखात नसतो. दार उघडल्यावर पुढे होऊन बघणारं माणूस घरात आहे, हा भरवसा त्याला देणं आपल्या हातात आहे. कुत्रा घरात आणतानाच ही जबाबदारी आपण स्वीकारलेली असते.