ती धामण आहे, जाऊ द्या तिला!

अकलूजच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की कॉलेजच्या ग्रुपवर तो व्हिडिओ हमखास पडतो. फडातल्या शेवटच्या चार-पाच सऱ्या उरलेल्या असतात. तोड पुढे सरकते तसे उंदीर त्या उरलेल्या उसात गोळा होतात, आणि त्यांच्यामागे धामणही. मग ती एकदम बाहेर निसटते, कुणीतरी "नाग! नाग!" ओरडतं आणि काठ्या धावतात.

सहा-सात फुटांची लांबी बघून घाबरायला होतं, मान्य. पण धामणीला फणा नाही, विषही नाही. डोळे मोठे, मान बारीक, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. कोंडीत सापडली तर गळा फुगवून गुरगुरल्यासारखा आवाज काढते, चावतेही. दिवसा फिरते, म्हणून तीच जास्त दिसते आणि तीच जास्त मरते. जे उंदीर उसाची कांडी बुडातून कुरतडतात, त्यांच्या बिळात शिरून शिकार करणारा हा साप. फुकटात!

तरी आपल्याकडे कथा काय? म्हणे म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. अहो, सापाला चोखताच येत नाही. ते आत वळलेले दात सडाला लागल्यावर म्हैस गप्प उभी राहील का? आणि ज्याला 'सापांचं लगीन' म्हणून स्टेटसला ठेवता, त्या एकमेकांना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी बहुतेक वेळा नर असतात. ती कुस्ती असते!

पण मला जास्त राग येतो तो रीलवाल्यांचा. विष नाही हे कळलं, की शेपटीला धरून गरगर फिरवायचं, गळ्यात घालायचं, वर 'सर्पमित्र' लिहायचं. विषारी नसलेल्या सापाशी कसली मर्दुमकी? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार धामणीला मारणं गुन्हा आहेच, पकडणंही शिकारीतच मोडतं. त्या व्हिडिओला लाइक देणारे आपणच ना?

रानात दिसली तर मागे सरका, वाट मोकळी ठेवा, ती थांबणार नाही. घरात शिरली किंवा धामण की नाग असा संशय असेल, तर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन लावा. हात लावून खात्री करायला जाऊ नका. आणि यंदा टोळी शेतात आली की मुकादमाला आधीच सांगून ठेवा, शेवटच्या सऱ्या तोडताना बांधाकडची बाजू मोकळी सोडायची.