होळीच्या रात्री टिकणारी वेणी



माघ सरत आला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पापड-कुरडयांची पत्रे सुरू होतात आणि त्यांत अधूनमधून मुलींच्या नटण्यामुरडण्याची विचारणा असते. यंदा अक्कलकुवा तालुक्यातून एक पत्र आले आहे. तेवढ्या एका पत्राला उत्तर देण्यात आजचे पान खर्ची घालते, कारण त्यातले प्रश्न पुष्कळ घरांतले आहेत.

ही बहीण लिहिते : “थोरली दहा वर्षांची, आश्रमशाळेत आहे. होळीला घरी येईल. तिला काठीच्या होळीला न्यायचे आहे. रात्रभर टिकेल अशी सोपी वेणी सांगा, केस खांद्याखाली चार बोटे आहेत. पण डोक्यात उवा फार. शेजारीण म्हणते, कपाशीवर मारायचे औषध पाण्यात थोडे कालवून चोळ, एका दिवसात डोके साफ होईल. लावू का? धाकटी चार वर्षांची. तिचे केस तांबूस आणि विरळ, तिची वेणी येतच नाही. तिला काय करावे?”

ताई, वेणीचे मागाहून बघू. आधी औषधाचे उत्तर. लावू नका. थोडेसुद्धा नको, पाण्यात कालवूनही नको, एकदाच म्हणूनही नको.

पिकावरचे कीटकनाशक पोटात गेले तरच बाधते असा पुष्कळांचा समज आहे. ते कातडीतूनही अंगात भिनते, आणि डोक्याची कातडी ते हातापायांच्या कातडीपेक्षा लवकर शोषून घेते. त्यातून मूल खाजवून खाजवून डोक्याला जखमा करून घेते, म्हणजे विषाला दारच उघडे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती धडधाकट, कष्टाची माणसे होती आणि त्यांनी ते औषध प्यालेले नव्हते. दहा वर्षांच्या पोरीचे वजन ते किती! कोणी आधीच लावून बसले असेल आणि मुलाला घाम सुटला, लाळ गळू लागली, उलटी झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसल्या किंवा धाप लागली, तर अंगावरचे कपडे काढावे, डोके व अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. बाटली न्यायला विसरू नये. कोणते विष आहे हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते. धुणाऱ्याने स्वतःच्या हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात.

रॉकेलचेही तसेच. माझ्या लहानपणी आईने आम्हा दोघी बहिणींच्या डोक्याला रॉकेल चोळून वर फडके बांधले होते. उवा मेल्या की नाही आठवत नाही, पण कानामागची कातडी सोलून निघाली ती आठवते. त्या संध्याकाळी आजीने आम्हांला चुलीजवळ फिरकू दिले नाही. ती शहाणी होती. होळीच्या आठवड्यात रॉकेलचे डोके घेऊन आगीभोवती मूल नाचते आहे, याची कल्पनाही नको.

मग उवांचे करायचे काय? त्याला लागते फणी, तेल आणि आईचा वेळ. ऊ उडत नाही, उडी मारत नाही; डोक्याला डोके लागले की ती चालत जाते. आश्रमशाळेत मुली शेजारी शेजारी निजतात, तेव्हा त्यात पोरीचा दोष नाही आणि तुमच्या स्वच्छतेचाही नाही. घरी आल्याबरोबर तिच्यावर ओरडू नका.

केस धुऊन ओले असतानाच तेल चोपडावे. खोबरेल असो, तिळाचे असो, की तुमच्याकडे मोहाच्या बियांचे, टोळंबीचे निघते ते असो. ओल्या तेलकट केसांत ऊ पळू शकत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढावा, मग बारीक दातांची फणी कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि दर खेपेस पांढऱ्या फडक्याला पुसावी. डोक्याचे चार भाग करून एकेक भाग पुरा करावा. लिखा कातडीच्या अगदी जवळ, केसाच्या मुळाशी चिकटलेल्या असतात. त्या आठ-नऊ दिवसांत फुटतात, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. दर तीन-चार दिवसांनी, असे दोन आठवडे करावे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघावीत, नाहीतर धाकटीच्या डोक्यातून थोरलीकडे आणि थोरलीच्या डोक्यातून आजीकडे असा फेरा चालूच राहतो. फार झाल्या असतील तर औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचे एक टक्क्याचे लोशन मिळते. ते माणसांच्या डोक्यासाठीच केलेले असते. दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि नऊ दिवसांनी पुन्हा एकदा लावावे. तान्ह्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नये.

डोके भादरून टाकण्याचा सल्लाही कोणी देईल. मुलगी कबूल असेल तर ठीक. पण सणाला घरी आलेल्या दहा वर्षांच्या पोरीचे केस तिच्या मनाविरुद्ध उतरवणे मला तरी बघवत नाही.

आता वेणी. सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली नाही त्या भगिनींसाठी थोडे सांगते. तिकडे सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते. काहींची आधी, काहींची नंतर, म्हणजे एकमेकांच्या होळीला जाता येते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. घुंगरू, मणी, रिबनी, साखरेचे हारकंगण, गूळ, डाळ्या यांची खरेदी तिथेच होते. काठी हे जुन्या संस्थानाचे गाव. तिथल्या होळीला डोंगरातून पायी, गाड्यांनी हजारो माणसे येतात. बावा-बुध्या झालेले पुरुष डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, अंगावर नक्षी अशा वेशात ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. म्हणजे पोरीची वेणी संध्याकाळी घालायची, ती दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईतो टिकली पाहिजे. मध्ये गर्दी, धूळ, ठिणग्या, गाडीतली झोप आणि गळ्यातले हारकंगण. हे हारकंगण ध्यानात ठेवा. घामाने साखर पाझरते आणि सुट्या केसांना अशी चिकटते की केस कापावे लागतात. म्हणून मोकळे केस नकोत, लोंबती वेणीही नको.

तुमच्या थोरलीच्या केसांना मुकुटवेणी चांगली शोभेल. आदल्या दिवशी केस धुऊन वाळवावेत. अगदी त्याच दिवशी धुतलेले केस निसरडे होतात आणि वेणी सुटते. तेल लावायचे ते बोटांच्या टोकांना लागेल इतकेच. आगीजवळ जायचे आहे, तेव्हा तेलाने थबथबलेले डोके नको. कपाळापासून मानेपर्यंत सरळ भांग पाडून दोन भाग करावेत. प्रत्येक भागाची तीन पेडांची वेणी कानाच्या मागून, जरा वरून सुरू करावी. फार खाली सुरू केली तर ती डोक्यावर नेताना मुळे ओढली जातात. टोके दोऱ्याने बांधावीत. आता डावी वेणी डोक्यावरून उजव्या कानाकडे न्यावी आणि उजवी तिच्या मागून डाव्या कानाकडे. एकीचे टोक दुसरीच्या पोटात खोचावे आणि चार-पाच आकडे लावावेत. खांद्याखाली चार बोटे केस असले की वेण्या माथ्यावर जेमतेम पोचतात. नाही पोचल्या तर निराश होऊ नका. जिथे संपतात तिथे दोन्ही टोके एकत्र बांधावीत आणि त्या जागेवर फूल लावावे. बघणाऱ्याला वाटते, मुद्दामच केले आहे!

फूल कोणते हे मी सांगायला नको. त्या दिवसांत तुमच्या डोंगरात पळस पेटलेलाच असतो. पळसाचे फूल देठासकट खोचले तर रात्रभर राहते. आंब्याचा मोहोर मात्र तोडू नका, आमचुराला आंबे लागायचे आहेत.

बांधायला काय वापरावे? बाजारातल्या चकचकीत नायलॉनच्या रिबनीवर ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटते. त्यापेक्षा जुन्या सुती लुगड्याचा काठ दोन बोटे रुंद फाडून घ्यावा. हिरवा किंवा लाल काठ असेल तर रिबनीपेक्षा देखणा दिसतो. फ्रॉक किंवा झगाही सुतीच असावा. सायकलच्या ट्यूबचे काप काढून रबर म्हणून वापरायची पद्धत खेड्यांतून अजून आहे. ते केसांना धरून बसतात आणि काढताना झुबकाच्या झुबका हातात येतो. ट्यूबच वापरायची असेल तर तिला सूत गुंडाळून घ्यावे. मानेजवळ आकडा लावू नये. गाडीत मूल आईच्या मांडीवर आडवे झाले की तो टोचतो आणि मग झोपेतच रडारड.

वेणी घट्ट किती? पोरीला भुवया उंचावून बघ म्हणावे. कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटली किंवा तिने डोळे बारीक केले, तर सोडून पुन्हा घालावी. रोज रोज करकचून बांधलेल्या वेण्यांनी कपाळावरचे केस मागे हटत जातात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर ते पुन्हा येत नाहीत. शाळेच्या दुमडलेल्या वेण्यांनाही हेच लागू.

ज्यांच्या मुलींचे केस कापलेले आहेत त्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक बट घ्यावी, तिचे दोन पदर करून एकमेकांवर पीळ देत कानामागे न्यावी आणि आकड्याने अडकवावी. पाच मिनिटांचे काम. कमरेपर्यंत केस असतील तर कपाळापासून केस घेत जाणारी सागरवेणी घालून शेवटचा शेपटा आत दुमडावा. पण तिला अर्धा तास लागतो आणि मूल तेवढे बसत नाही, हा माझा अनुभव.

मुलगे मोरपीस मागतात. गळून पडलेले असेल तर सुती पट्टीत खोचून डोक्याला बांधून द्यावे. मोर पावसाळा संपत आला की पिसे गाळतो, तेव्हा वेचून ठेवावीत. मोराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पिसांसाठी त्याला हात लावू नये. पोराला पुरता बुध्या सजवायचे मनात असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तो वेश नवसाचा असतो, त्याला पाळण्या असतात.

आता ताई, तुमच्या धाकटीविषयी. पत्रात तिचे दोनच ओळींत आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

उन्हात हिंडणाऱ्या पोरांचे केस टोकाला तांबूस होतात, त्यात काही नाही. पण केस मुळापासूनच तांबूस, निस्तेज आणि विरळ असतील, कंगव्याला न दुखता निघून येत असतील, तर मुलाच्या पोटात पुरेसे अन्न, विशेषतः डाळी-अंडी-दूध, जात नाही असे समजावे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, अशी मुले पाहिली आणि 1935 साली त्या आजाराला तिथल्या बायकांचाच शब्द दिला, क्वाशिओरकोर. धाकटे भावंड जन्मले की अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. शब्द आफ्रिकेतला, पण हकीकत आपल्याही घरातली आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून कधी कधी एकाच केसावर फिका पट्टा, काळा पट्टा, पुन्हा फिका पट्टा असे दिसते. फिका पट्टा म्हणजे ओढाताणीचे महिने : पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले, किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब.

तेव्हा तिच्या केसांना कोणतेही तेल चोळून उपयोग नाही. होळीची वाट न बघता तिला अंगणवाडीत न्या. वजन-उंची मोजून घ्या आणि ताईंकडे दंडाला लावायची रंगीत पट्टी असते ती लावायला सांगा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीचा तांबडा भाग आला, तर ते तीव्र कुपोषण. पायांवर सूज असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर पट्टी काहीही सांगो, त्याच दिवशी अक्कलकुव्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आदिवासी भागात 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत लहान मुलांसाठी अंडी किंवा केळी आहेत. ती तिच्या वाट्याची तिला मिळतात का, हे अंगणवाडीत उभे राहून विचारा. विचारायला लाजू नका.

घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर दाट डाळ, जमेल तेव्हा अंडे, मूठभर शेंगदाणे कुटून गुळात, आणि दिवसातून पाच वेळा थोडे थोडे. एकदम पोटभर एवढ्या पोटात मावत नाही. थोरलीच्या ताटात जेवणाऱ्या धाकटीने किती खाल्ले ते कळत नाही, म्हणून तिची वाटी वेगळी ठेवा.

आणि होळीला तिलाही नटवा. विरळ केसांत वेणी येत नाही म्हणून तिला तशीच नेऊ नका. पोरे हे लक्षात ठेवतात. लुगड्याच्या त्याच काठाची पट्टी कपाळावरून घेऊन मानेवर सैल गाठ मारावी आणि कानाजवळ पळसाचे एक फूल खोचावे. बहिणीची आणि तिची पट्टी एकाच काठाची झाली म्हणजे तिची तक्रार राहणार नाही.

धुळवडीला बाहेर पडण्याआधी दोघींच्या केसांना पुन्हा तेलाचा हात द्या, म्हणजे रंग बसत नाही. संध्याकाळी वेणी सोडताना टोकाकडून सोडावी, हारकंगणाची साखर लागली असेल तर कोमट पाण्याने विरघळू द्यावी, ओढू नये. मग शिकेकाई. आणि काठीच्या गर्दीत किती डोक्यांना डोकी लागली असतील कोण जाणे, म्हणून थोरली शाळेला परत जाण्याआधी पांढरे फडके पसरून एकदा फणी.