‘आलं तसं पाठवलं’ : वाशिम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना जाहीर सवाल

प्राचार्य, संस्थाचालक, प्राध्यापक मंडळी, मायबाप पालकहो आणि पोरापोरींनो,

हे पत्रक कागदावर छापलं आहे आणि हातोहात वाटतो आहोत. फोनवर फिरवलं असतं तर छपाईचे पैसे वाचले असते, हे आम्हालाही कळतं. पण वाशिमच्या बसस्थानकावर, कारंज्याच्या बाजारात, मानोऱ्याला कॉलेजच्या फाटकाशी ज्याने हे तुमच्या हातात दिलं त्याचं तोंड तुम्ही पाहिलं आहे. यात काही खोटं निघालं तर तुम्ही त्याची कॉलर धरू शकता. सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे.

म्हणणं थोडक्यात असं: आमची पोरं दिवसभर लिहितात. कॉलेज त्याला लिहिणं मानत नाही, म्हणून ते शिकवत नाही. आणि न शिकवलेल्या लिहिण्याची किंमत गाव मोजतं.

पोरं लिहीत नाहीत, हे खोटं

स्टाफरूममधलं पेटंट वाक्य: ‘आजकालची पोट्टी काही लिहीत-वाचत नाहीत.’ साहेब, ही पोट्टी उठल्यापासून झोपेपर्यंत लिहितात. स्टेटस लिहितात, रीलखाली ओळ लिहितात, गावच्या ग्रुपवर भांडतात, सोयाबीनच्या भावावर टोमणे मारतात. त्यांच्या बापाने आयुष्यात काय लिहिलं? परीक्षेचे पेपर, कर्जाचा अर्ज आणि फार तर लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. त्याहून जास्त शब्द हे पोरगं आठवड्यात लिहून मोकळं होतं.

आणि आम्ही काय करतो? ‘फोन बॅगेत टाका, वह्या काढा’ म्हणतो. मग फळ्यावर प्रश्न लिहितो: ‘ब्लॉग म्हणजे काय? स्वरूप व वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ पोरं गाइडमधून सहा मुद्दे पाठ करतात, सहाच्या सहा उतरवतात, पास होतात. वखराला हात न लावता वखरणीचे फायदे-तोटे लिहून शेती आली असती, तर तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या घरी धान्याच्या राशी लागल्या असत्या.

मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. एकदा नियम मोडून वर्गात फोन बाहेर काढायला लावले. म्हटलं, घरच्या शेतात काय उभं आहे ते एका ओळीत मराठीत लिहा. मागच्या बाकावरचं एक पोरगं अडलं. त्याला ‘पऱ्हाटी’ लिहायचं होतं. फोन कधी ‘पर्हाटी’ दाखवी, कधी ‘परहाटी’, आणि एकदा तर त्याने ‘परीक्षा’ सुचवली. सगळा वर्ग हसला. त्याने वैतागून ‘कापूस’ लिहिलं आणि फोन खिशात घातला.

आता सांगा, चूक कोणाची? शेतात उभी असते ती पऱ्हाटी, बोंडातून वेचून घरात येतो तो कापूस. हा फरक त्या पोराला जन्मापासून ठाऊक होता. पण इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ’ नेहमीच्या ‘र’च्याच कळीवर असतो, शिफ्ट दाबून धरला की येतो, मग पायमोड्या, मग ‘ह’, एवढी दोन मिनिटांची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. संगणकाचं प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून घरी टांगलेलं होतं. फोनला येत नाही म्हणून पोराने आपल्या बोलीतला शब्द सोडून दिला. रोज असे किती शब्द सुटत असतील, याचा हिशेब कोणत्या परीक्षेत विचारणार?

रैनपाड्याची आठवण

न शिकवलेल्या लिहिण्याची किंमत गाव कशी मोजतं, ते आता पाहा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. त्याला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या रैनपाड्यात पाच माणसं जमावाने ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेली. बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आधीपासून त्या भागात फिरत होते. त्या माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, तिथेच ती मेली.

तो मेसेज पहिल्यांदा कोणी लिहिला? विचारलं असतं तर प्रत्येकाने एकच उत्तर दिलं असतं: मी नाही लिहिला, मला आला, मी पुढे ढकलला. आलं तसं पाठवलं. पाच माणसं मेली आणि लिहिणारा कोणीच नाही!

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फिरवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा घातली. एका कंपनीला एवढं सुचलं. आमच्या अभ्यासक्रमाला काय सुचलं? मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल झाली, जीव गेला. अकोला काही परदेशात नाही, दोन तासांवर आहे. आमची निम्मी पोरं तिथे क्लासला जातात.

बोरूवाल्याला जे कळत होतं

यावर कोणी म्हणेल, हे नवं संकट आहे, आपल्या परंपरेत याचं उत्तर नाही. आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यात आहे.

कारंज्याच्या जैन भांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या आहेत. त्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले, आणि तो ऐवज विद्वानांपुढे आला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकल करणारा लेखनिक चार ओळी लिहून ठेवी. त्यांतला एक आशय देशभरच्या पोथ्यांत सापडतो: समोर जसं होतं तसं मी उतरवलं, मला दोष देऊ नका. म्हणजे हा आजच्या फॉरवर्डवाल्याचा आजाच! पण थांबा. तो लेखनिक बहुधा पुढे आपलं नावही लिही, तिथी लिही, गाव लिही, कोणासाठी नकल केली तेही लिही. चूक दिसली तर शहाण्यांनी दुरुस्त करावी अशी विनंती करी. दोष अंगावर घेत नव्हता, पण पत्ता देत होता. आम्ही त्याची सबब तेवढी उचलली आणि सही टाकून दिली.

त्याहून मागे जा. वाशिमला सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट पाहा. देणारा कोण, कुठून दिलं, राज्याच्या कितव्या वर्षी, सगळं तांब्यावर कोरलेलं आहे. वंशावळ संस्कृतात, पण दानाचा व्यवहार प्राकृतात. राजालाही कळत होतं की व्यवहाराचा मजकूर चालत्या भाषेत हवा आणि तो कोणाचा, कधीचा हे त्यात हवं. आजही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायला लावतो.

आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अकराशे वर्षांपूर्वी साक्षात काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते कुठे? वत्सगुल्मात. म्हणजे आपल्या वाशिममध्ये. गॅदरिंगला पाहुण्यांसमोर हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्या लग्नाच्या गावात पोराला एक मेसेज धड तपासता येत नाही, हे सांगत नाही.

गप्प बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे

आता दुसरी बाजू. काही प्राचार्यांचं उत्तर तयार असतं: पोरांनी समाजमाध्यमावर काही लिहूच नये, नसती भानगड. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना अटक झाली. मुंबई का बंद ठेवायची, असा प्रश्न एकीने फेसबुकवर विचारला आणि दुसरीने त्याला ‘लाइक’ केलं, एवढंच. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं आणि २४ मार्च २०१५ ला ते घटनाबाह्य ठरलं. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? प्रश्न विचारणं हा हक्क आहे आणि अफवा पसरवून आग लावणं हा गुन्हा आहे, यांतली रेघ जो शिकवत नाही, तो पोरांना एकतर भित्रं करतो नाहीतर बेफाम.

गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा उपदेशाआधी सवाल टाकत, आणि समोरच्या शेतकऱ्याच्या तोंडून उत्तर काढत. फोनवर काही आलं की तीनच सवाल टाकायला शिकवा: कोण म्हणतं? कधीचं आहे? कशावरून? एवढ्याने निम्म्या अफवा जागीच बसतात. एका पोराच्या बापाला ‘पीएम किसान’च्या नावाने एक फाइल आली होती, दाबली की ॲप बसणार. पोराने तीन सवाल टाकले, एकाचंही उत्तर मिळेना. बापाने फाइल उडवली. तीन सवाल वर्गात शिकवायला मला वीस मिनिटं लागली होती.

मीम म्हणजे उखाणा

इंटरनेटची संस्कृती म्हणजे नुसती घाण, असं मानणाऱ्यांना एक विचारतो: उखाणा घाण आहे का? साचा आजीचा, यमक आईचं, नाव मात्र आपल्या नवऱ्याचं. मीम दुसरं काय करतं? ठरलेलं चित्र, ठरलेला साचा, त्यात आपल्या गावचं दुखणं बसवायचं. सोयाबीनच्या हमीभावावर आमच्या पोरांनी केलेली मीमं मी पाहिली आहेत. अग्रलेखाला जे दोन रकाने लागतात ते त्यांनी एका ओळीत, वऱ्हाडीत सांगितलं होतं. ती ओळ का चालली, कोणाला लागली, कोणाला विनाकारण लागली, हे वर्गात बोललं तर तो साहित्याचाच तास होतो.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची एक मुलगी आईशी गोरबोलीत बोलते आणि फोनवर तीच बोली देवनागरीत लिहिते. तिच्या बोलीला स्वतःची लिपी नाही, म्हणून कोणता आवाज कसा लिहायचा हे ती आणि तिच्या बहिणी आपसांत ठरवतात. भाषेचे पंडित जे काम परिषदा भरवून करतात ते ही पोरगी पाणी भरता भरता करते आहे. आणि आम्ही तिला लाल शाईने ‘अशुद्ध’ असा शेरा देतो.

याच्या उलट प्रकारही पाहा. ‘माझं गाव’ लिहून आणा म्हटलं, तर चार निबंधांत एकच ओळ: निसर्गाच्या कुशीत वसलेलं, खळखळत्या नदीकाठचं गाव. त्यातल्या एका गावाला मार्चपासून टँकर लागतो. निबंध यंत्राने लिहिला होता, पोराने वाचलाही नव्हता. मी त्याला रागावलो नाही. विचारलं, ‘तुझ्या गावात नदी कुठे हाय बाप्पा?’ तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, ‘सर, टँकर येते त्याचं लिहू काय? ते चालते काय निबंधात?’

चालते, बाळा. तेच चालते. तुला आम्ही आजवर सांगितलं नाही, ही चूक आमची.

ठरलेल्या सबबी

‘आधी शुद्धलेखन येऊ द्या.’ येऊ द्या की! पण स्वतःचं लिहिलेलं चार लोक वाचणार म्हटल्यावर पोरगं ऱ्हस्व-दीर्घ स्वतःहून विचारतं.
‘खेड्यात नेटवर्क नाही.’ मेसेज फळ्यावर लिहा आणि तपासा. त्याला खडू लागतो, टॉवर लागत नाही.
‘पोरं बिघडतील.’ शिकवलं नाही म्हणून कोणती सुधारली?
‘याने नोकरी लागेल का?’ निव्वळ पाठांतराने किती लागल्या, तो आकडा आधी सांगा.

आमच्या मागण्या

१. पहिल्या वर्षाला दोन श्रेयांकांचा डिजिटल लेखनाचा विषय ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याच्या विषयांना जागा दिली आहे. गाइड नको, पाठांतर नको; सत्रभर लिहिलेल्या मजकुराच्या फाइलवरच गुण द्या.

२. युनिकोड मराठी फोनवर आणि कळफलकावर अशी लिहिता यावी की ‘पऱ्हाटी’ला कोणी अडू नये.

३. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि कोणालाही लिहायला मोकळा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त, आणि कितीतरी गावांच्या पानावर एकाच साच्यातल्या चार कोरड्या ओळी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाचं किंवा तांड्याचं पान पुराव्यानिशी लिहावं. पुरावा शोधायला ग्रंथालयात जावंच लागतं, हा वरचा नफा.

४. आठवड्यातून एक तास गावात फिरणारा एक मजकूर वर्गात तपासा. गट, पक्ष, जात न पाहता.

५. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक संध्याकाळ चावडीवर बसा. खोटी लिंक, खोटं ॲप कसं ओळखायचं आणि पैसे गेले तर सायबर मदतीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन कसा करायचा, हे पोरांनी गावाला शिकवावं.

६. वऱ्हाडी आणि गोरबोलीत लिहिलेलंही गुणांना पात्र धरा.

यांतल्या एकाही मागणीला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही, उद्घाटनाला मंत्रीही लागत नाही. कदाचित म्हणूनच अडलं असेल.

शेवटी, पोरापोरींनो

कॉलेज ऐकेल तेव्हा ऐकेल. तुम्ही आजपासून एक करा. पुढे ढकलायच्या आधी वर एक ओळ स्वतःची लिहा: हे मला कुठून मिळालं, मी काय तपासलं, आणि खाली आपलं नाव. ती ओळ लिहायला हात धजत नसेल, तर तो मजकूर पाठवायच्या लायकीचा नाही, एवढं समजा.

हे पत्रकही तसंच घ्या. यातलं काही पटलं नाही, काही चूक दिसली, तर वाटणाऱ्याला गाठून सांगा. पुढच्या छपाईत दुरुस्ती करू आणि कोणी दाखवली तेही त्याच्या परवानगीने छापू. फोटो काढून ग्रुपवर टाकायचं असेल तर खुशाल टाका, पण खालची सही कापू नका.

आपला,
तासिका तत्त्वावरचा मराठीचा एक मास्तर
(प्रत्येक प्रतीवर शाईने सही केली आहे)