कायदा १०१ची लेकरे

३० ऑक्टोबर १९९५ च्या रात्री, स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात, क्वेबेक कॅनडातून बाहेर पडता पडता राहिले. त्र्याण्णव टक्क्यांहून जास्त मतदान झाले, नकार ५०.५८ टक्के, होकार ४९.४२. फरक जेमतेम ५४ हजार मतांचा. हरल्यावर प्रीमियर जाक पारिझो यांनी खापर फोडले ते पैशावर आणि स्थलांतरित वांशिक गटांच्या मतांवर. त्या एका वाक्याने स्वातंत्र्याच्या चळवळीचे जेवढे नुकसान केले, तेवढे ओटावातल्या कुठल्या सरकारलाही जमले नव्हते. ज्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवले, त्यांची मुले तोवर पारिझोंच्याच पक्षाने केलेल्या कायद्यामुळे फ्रेंच शाळांत शिकत होती.

तो कायदा कळायचा तर १९६० च्या आधीचे मॉन्ट्रियल डोळ्यांपुढे आणायला हवे. शहरात बहुसंख्य फ्रेंच बोलणारे, पण कारखान्यातला फोरमन इंग्रजी, बँकेचा मॅनेजर इंग्रजी. ईटन्ससारख्या बड्या दुकानात गिऱ्हाइकाने फ्रेंचमध्ये भाव विचारला तर काउंटरपलीकडून उत्तर इंग्रजीत यायचे. १९६१ च्या जनगणनेवरून केंद्राच्या आयोगाने कमाईचा हिशेब मांडला, तेव्हा क्वेबेकमधल्या १४ वांशिक गटांत फ्रेंच कॅनेडियन पुरुष बाराव्या क्रमांकावर निघाले. त्यांच्या खाली फक्त इटालियन आणि मूळनिवासी. ज्या पिढीने हे भोगले, तिच्यासाठी स्वतंत्र देश ही आत्मसन्मानाची गोष्ट होती. तिला घटनात्मक तपशिलात फारसा रस नव्हता, आणि त्यात नवल काही नाही.

१९६० मध्ये जाँ लसाज यांचे सरकार आले. शाळा आणि इस्पितळे चर्चच्या हातून सुटली, खासगी वीजकंपन्या सरकारने घेतल्या. हे वीजप्रकरण तडीस नेणारे मंत्री रेने लेवेक यांनीच पुढे १९६८ मध्ये पार्ती केबेक्वा हा स्वातंत्र्यवादी पक्ष काढला; पारिझो याच पक्षाचे. चर्चची पकड ढिली झाली तशी घरेही लहान झाली. दहा-दहा, बारा-बारा लेकरांच्या घरांनी दोनशे वर्षे जी भाषा तगवली, तिला आता स्थलांतरितांच्या मुलांची गरज पडू लागली. ते पालक मात्र पैसा कुठे आहे ते पाहून मुलांना इंग्रजी शाळेत घालत. सें-लेओनार या उपनगरात १९६८-६९ मध्ये शाळेच्या माध्यमावरून इटालियन पालक आणि फ्रेंच राष्ट्रवादी यांच्यातला वाद थेट हाणामारीवर गेला.

लेवेक १९७६ मध्ये सत्तेवर आले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये कायदा १०१ झाला. तो लिहिणारे मंत्री कामिय लोराँ पेशाने मनोविकारतज्ज्ञ होते, हे मला नेहमीच सूचक वाटत आले आहे. नव्याने येणाऱ्यांची मुले फ्रेंच शाळेत, कारखाना-कचेरीचा व्यवहार फ्रेंचमध्ये, दुकानांच्या पाट्या फ्रेंचमध्ये. सन लाइफसारख्या विमा कंपनीने मुख्यालय टोरांटोला हलवले. खुद्द लेवेक यांना असा कायदा करावा लागतो याचाच सल होता.

कायद्याने काम मात्र चोख केले, आणि तिथेच चळवळीची पंचाईत झाली. ज्या अपमानावर ती पोसली होती, तोच दर वर्षी थोडा थोडा कमी होत गेला. १९८० च्या सार्वमतात होकार चाळिसाच्या घरातच राहिला. १९९५ मध्ये तो निम्म्यापर्यंत चढला, त्याला दुसऱ्या जखमा कारण होत्या: १९८२ ची घटना क्वेबेकच्या संमतीविना लागू झाली आणि १९९० मध्ये क्वेबेकला त्या घटनेत सामावून घेणारा मीच लेकचा करार बारगळला. त्यानंतर तशी ताजी जखम झालीच नाही. २०२२ च्या निवडणुकीत पार्ती केबेक्वाला १२५ पैकी तीन जागा मिळाल्या.

आजचा विशी-पंचविशीतला मुलगा नोकरीत फ्रेंच गृहीत धरतो आणि मालिका इंग्रजीत बघतो. मॉन्ट्रियलच्या दुकानात तो सहज ‘बोंजूर-हाय’ म्हणतो. आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात त्या या ‘हाय’वर. २०१७ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने नुसते ‘बोंजूर’ म्हणा असा ठराव एकमताने केला. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, भाषा खात्याच्या निरीक्षकांनी इटालियन हॉटेलच्या मेनूवरच्या ‘पास्ता’ या शब्दावर हरकत घेतली होती आणि जगभर हसे झाले. पहारा इतका बारीकसारीक झाला की समजावे, वेढा बहुतेक उठला आहे.

तरीही फुटीरता संपली असे मी म्हणणार नाही. पोल सें-पिएर प्लामाँदाँ हे पार्ती केबेक्वाचे नेते १९७७ चेच, कायदा १०१ च्या वयाचे. २०२३ पासून त्यांनी पोटनिवडणुका जिंकल्या आहेत आणि सत्ता आली तर पहिल्याच कारकिर्दीत सार्वमत घेऊ असे ते सांगतात. नव्या मतदाराला १९९५ ची हार आठवत नाही, म्हणून तिची धास्तीही नाही. त्याला घरभाडे आठवते. सार्वमत झालेच तर निकालाचे पारडे हैती, व्हिएतनाम किंवा अल्जीरियाहून आलेल्यांच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलांच्या हाती असेल. त्यांच्याकडे हा पक्ष जातो आहे तो स्थलांतर घटवण्याचे आश्वासन घेऊन, आणि पारिझोंच्या त्या वाक्याची किंमत त्याने अजून पुरती मोजलेली दिसत नाही.