दुधाविना ब्राऊनी

मैत्रिणींनो, बिद्रीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलाला दुधाची ॲलर्जी, आणि पुढच्या महिन्यात त्याचा पाचवा वाढदिवस. गेल्या वर्षी विकतचा केक बाकीच्या मुलांनी खाल्ला, ह्याच्या हातात चिक्की दिली. यंदा त्यालाही चॉकलेटचंच हवंय. घरात अंडं चालत नाही, ओव्हनही नाही.

जिथल्या साखर कारखान्याच्या नावातसुद्धा दूधगंगा आहे, तिथे दुधावाचून वाढदिवस म्हणजे घरच्यांना नवलच वाटणार! पण ताई, ह्या वेळी त्याच्यासाठी वेगळी वाटी नकोच. सगळ्यांसाठी एकच पदार्थ करा. त्यातही केकपेक्षा ब्राऊनी बरी. केक हलका फुलला नाही तर लगेच कळतं. ब्राऊनी मुळातच दाट नि ओलसर, तिथे दूध-अंड्याची उणीव कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि गूळ तर तुमच्या दारचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे मात्र पिवळाधमक नको, गडद रंगाचा घ्या, कोकोशी त्याची चव छान जुळते. २०० ग्रॅम किसलेला गूळ १२० मिली कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. उसाची चिपाडं, खडे निघतात. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. ती बुळबुळीत झाली की अंड्याचं काम करते. गुळाचं पाणी गार झाल्यावर त्यात हे जवस आणि ८० मिली तेल फेटून घ्या. तेल बिनवासाचं हवं, घाण्याच्या शेंगतेलाचा वास पुढे येतो. मैदा १२५ ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा नि चिमूटभर मीठ एकत्र दोनदा चाळून त्यात मिसळा. शेवटी चहाचा चमचाभर लिंबाचा रस. सोडा लगेच फसफसू लागतो, म्हणून कढई आधीच तापत ठेवलेली हवी. मिश्रण फार ढवळू नका, चिवट होतं.

जाड लोखंडी कढईत बोटभर मिठाचा थर, वर स्टँड, घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवा. (कुकर कोरडा तापवण्याच्या मी विरुद्ध आहे, तो खराब होतो.) डब्याला तेलाचा हात लावून मिश्रण ओता आणि मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा. सुई कोरडी निघायची वाट पाहू नका. तिला थोडा ओला चुरा चिकटला की उतरवा.

डब्याला तेलाचा हात असं मुद्दाम लिहिलं, कारण सवयीनं बोटं तुपाकडे जातात. घरातली वडीलधारी म्हणतील, चमचाभर तुपानं काय होतंय? दूध पचत नसेल तर पोट बिघडून भागतं. ॲलर्जी ही निराळी गोष्ट. तिथे तुपात उरलेला दुधाचा अंशही पुरतो. अंगावर गांधी उठतात, कधी श्वासही कोंडतो. तेव्हा थोडं देऊन बघू, हा प्रयोग घरी कधीच नको. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, पण ती गेली की नाही ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आजीला हे आदल्या दिवशीच शांतपणे सांगा, पाहुण्यांसमोर नको.

साध्या कोकोत दूध नसतं, पण पिण्याच्या चॉकलेट पावडरीत बहुधा असतं. काळ्या चॉकलेटच्या वडीतही सापडतं, म्हणून वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, दूध त्यात चालतं. अक्रोड किंवा शेंगदाणे घालायचे असतील तर येणाऱ्या मुलांच्या आयांना आधी विचारा.

ब्राऊनी आदल्या दिवशीच करा. गुळाची ब्राऊनी रात्रभर मुरली की वड्या सुबक पडतात. गरम कापाल तर भुगा होईल. उरल्याच तर घट्ट डब्यात दोन दिवस राहतात, उन्हाळ्यात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवा.